लेकाचा पहिला बेसबॉल सामना (आणि आबांचाही): काय करावं, काय टाळावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही सॅन होजेजवळ राहतो. आमचा लेक सहा वर्षांचा आहे आणि यंदा टी-बॉल खेळायला लागलाय, म्हणजे स्टँडवर ठेवलेला चेंडू मारायचा आणि पळायचं. तेव्हापासून रोज एकच भुणभुण: "खरा सामना कधी बघायचा?" माझे सासरे, म्हणजे आबा, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. क्रिकेट त्यांच्या रक्तात आहे, बेसबॉल मात्र त्यांनी टीव्हीवरही कधी पाच मिनिटांपेक्षा जास्त पाहिलेला नाही. लेकाने त्यांना परस्पर आमंत्रण देऊन टाकलंय.

तर पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी दुपारी सॅन फ्रान्सिस्कोला, जायंट्स संघाच्या ओरॅकल पार्क मैदानावर जायचा विचार आहे. कुठे बसावं? सहा वर्षांचं पोर किती वेळ टिकेल? चेंडू लागण्याची मला फार भीती वाटते. आणि आबांना व लेकाला एकाच वेळी खेळ समजावायचा कसा? मलाच अर्धामुर्धा कळतो. नवऱ्याला त्या रविवारी काम आहे, त्यामुळे तिघांची जबाबदारी माझ्यावर आहे.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा, प्लीज.

कोकणकडा

मस्त धागा, ताई. माझ्या दोन्ही मुलींना मी याच मैदानावर पहिल्यांदा नेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी चेंडूची भीती. ती रास्त आहे. मागे किंवा बाजूला उडालेला फाऊल कधीकधी ताशी १६० किलोमीटरच्या वर वेगाने येतो आणि बेसबॉलचा चेंडू चांगला टणक असतो. पण २०१८ पासून मोठ्या लीगच्या सगळ्या ३० मैदानांवर संरक्षक जाळी निदान डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) टोकापर्यंत आहे, बऱ्याच ठिकाणी त्याच्याही पुढे गेली आहे. तिकीट काढताना जाळीच्या मागची जागा बघून घ्या. जाळी अडचणीची वाटत नाही, दोन मिनिटांत डोळे सरावतात. जाळी नसलेल्या जागी खाली बसलात तर पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, चेंडू टाकत असताना फोनकडे बघायचं नाही, एवढा एक नियम मोठ्यांनी पाळायचा.

बाजू कुठली? बेसबॉलच्या नियमपुस्तकातच सुचवलंय की होम प्लेटकडून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, दुसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे पळताना गाठायचे टप्पे) जाणारी रेषा साधारण पूर्व-ईशान्येला असावी, म्हणजे उतरतं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. त्यामुळे बहुतेक मैदानांवर दुपारी होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते. इतर गावांत मी डोळे झाकून तिथली तिकिटं घ्या म्हटलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र खाडीवरचा वारा असतो. मे महिन्यातही सावलीत हुडहुडी भरते. माझी धाकटी चौथ्या इनिंगपासून माझ्या जॅकेटमध्ये शिरून बसली होती. आबांसाठी स्वेटर आणि कानटोपी दोन्ही घ्या, सॅन होजेत कितीही ऊन असलं तरी.

गाडी नेऊ नका. कॅलट्रेनचं शेवटचं स्टेशन मैदानाच्या अगदी जवळ आहे. डब्यात अर्धे लोक जायंट्सच्या काळ्या-नारिंगी जर्सीत असतात, मुलांचा सामना तिथूनच सुरू होतो.

तिखटमीठ

वेगळं मत मांडते. पहिला सामना मोठ्या लीगचा नकोच! तुमच्याच गावात सॅन होजे जायंट्स आहेत, मोठ्या लीगखालच्या मायनर लीगमधला, खालच्या पायऱ्यांवरचा संघ. मैदान १९४२ सालचं, छोटंसं, जेमतेम चार-साडेचार हजार माणसं मावतात. ओरॅकल पार्कवर ती संख्या ४० हजारांच्या वर जाते. छोट्या मैदानावर पोराला खेळाडूंचे बूट दिसतात, ते एकमेकांना काय ओरडतात ते ऐकू येतं, तिकीट स्वस्त असतं, आणि कंटाळा आला तर वीस मिनिटांत घरी. माझ्या भाचीला तिथे इनिंग संपल्यावर एका खेळाडूने स्वतः येऊन हातात चेंडू दिला. मोठ्या मैदानावर असं नशीब हजारात एखाद्याचं.

पाऊसवेडा

दोन्ही बरोबर आहेत. मी क्रिकेटवाल्या वडिलांना इथे आणलं होतं, त्यामुळे आबांना समजावायची बाजू मी घेतो. आमच्याकडे हे असं लागू पडलं:

षटकं नाहीत. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. दोन्ही संघांची एकेक पाळी झाली की एक इनिंग, अशा नऊ. मैदान गोल नाही, बॅटरच्या पायाशी काटकोन करून दोन रेषा जातात, त्यांच्या आतला फटका खरा, बाहेरचा फाऊल. आपला लेट कट, लेग ग्लान्स सगळे इथे फाऊल. वडिलांना हे ऐकून दुःख झालं होतं.

मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा बॅट फिरवून चुकवला की स्ट्राईक. तीन स्ट्राईक, घरी. मारता न येण्यासारखे चार चेंडू आले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो. फाऊलही स्ट्राईक धरतात, पण फक्त पहिले दोन. म्हणजे नुसत्या फाऊलने सहसा तिसरा स्ट्राईक होत नाही, आणि चिवट बॅटर दहा-बारा चेंडू फाऊल करत पिचरला दमवतो. टेस्टमध्ये खेळपट्टीवर नांगर टाकून बसलेला फलंदाज ज्यांना आवडतो, त्यांना हे लगेच आवडतं.

आता बाद होणं. झेल तोच, फाऊलचा झेलही चालतो. चेंडू जमिनीवर मारला तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. तो पोचायच्या आत चेंडू हातात घेऊन क्षेत्ररक्षकाने बेसवर पाय ठेवला की बाद. हा आपला रन-आउट, स्टंप उडवण्याऐवजी बेसवर पाय. पण जिथे पळायची सक्ती नाही, तिथे चेंडूसकट ग्लोव्हने पळणाऱ्याला शिवावं लागतं. ही शिवाशिवी. सहा वर्षांच्या मुलाला हा भाग मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

अंतरं आबांना जरूर सांगा. आपली खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. इथे पिचर उभा राहतो ६० फूट ६ इंचांवर, टप्पा न पाडता टाकतो, आणि वेगवान चेंडू साधारण ०.४ सेकंदात बॅटरपर्यंत पोचतो. हे ऐकल्यावर माझे वडील गप्पच झाले. तोवर म्हणत होते, "फुलटॉस तर आहे, त्यात काय मारायचं."

रानजाई

पाऊसवेडा, तुमचा प्रतिसाद आबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी वहीत लिहून घेतलाय! लेकाने लगेच विचारलं, "बेसबॉलवाला मारल्यावर बॅट टाकून का देतो? आबा म्हणतात बॅट कधी टाकायची नसते." आबांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच.

पाऊसवेडा

फार सुंदर प्रश्न. क्रिकेटमध्ये धाव पूर्ण करायला बॅट क्रीजमध्ये टेकवता येते, म्हणून ती हातात हवी. इथे बेसला पाय किंवा हात लावावा लागतो, बॅट टेकवून काही मिळत नाही, नुसतं ओझं. पोराला सांगा, आबांचंही बरोबर आणि बेसबॉलवाल्यांचंही.

काजवा

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या पहिल्या सामन्यात होम रन (चेंडू थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखा) झाल्यावर अचानक फटाके उडाले, आणि तो बाकाखाली शिरला तो बाहेरच येईना. मला आधी कल्पना असती तर त्याची तयारी केली असती, ही चुटपुट अजून लागून राहिलीय. ओरॅकल पार्कवर होम रनला जहाजाचा भोंगा वाजतो, चांगला मोठ्याने. आधीच्या दिवशी घरी त्याचा व्हिडिओ दाखवा, आवाज हळूहळू वाढवत न्या. आपण भोंग्याची वाट बघायची असते हे मुलाला एकदा कळलं की भीतीची जागा उत्सुकता घेते.

आता बऱ्याच क्लबांकडे शांत खोली असते, आणि कानावर लावायचे हेडफोन, हातात खेळवायच्या वस्तू अशी पिशवी तात्पुरती मिळते. मैदानावरच्या गेस्ट सर्व्हिसेसकडे विचारायचं. तिथेच मुलाच्या मनगटावर जागेचा नंबर आणि तुमचा फोन लिहिलेला पट्टा बांधून घ्या. दोन मोठ्यांतलं एक या देशात नवीन आहे, तेव्हा आबांच्या खिशातही तोच कागद ठेवा.

आणखी एक. ओरॅकल पार्कच्या उजव्या कुंपणाबाहेर, पाण्याच्या कडेने फुटपाथ आहे. तिथल्या कमानींतल्या जाळीतून सामना फुकट दिसतो. गर्दी असेल तर तीन इनिंगनंतर मागच्यांना जागा द्यायची. आम्ही दुसऱ्या वेळी आधी तिथे उभे राहिलो, अर्धा तास. मुलगा स्वतःहून म्हणाला, "आत जाऊ." त्या दोन शब्दांसाठी मी वर्षभर थांबले होते.

शून्यप्रहर

काजवा, वाचून भरून आलं.

माझी सूचना एकच: स्कोअरकार्ड आणि पेन्सिल. घरून कोरं कार्ड छापून न्या. मुलाला कंटाळा येतो तो दोन चेंडूंच्या मधल्या वेळात, आणि तिथेच हाताला काम मिळतं.

प्रत्येक जागेला ठरलेला आकडा आहे. पिचर १, कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग मागचे तिघे क्षेत्ररक्षक डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्या बेसला गेला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. आकडे जोडता येणाऱ्या पोराला ही गुप्त लिपी वाटते. स्ट्राईकआउटला, म्हणजे तीन स्ट्राईकवर बाद झाल्यास, इंग्रजी के. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच के उलटा, आरशातला.

आबांसाठी यात खास गोष्ट आहे. ही नोंदीची पद्धत रुजवली हेन्री चॅडविक यांनी. जन्म १८२४, इंग्लंडमधला, लहानपणी अमेरिकेत आले आणि वार्ताहर म्हणून क्रिकेटच लिहायचे. १८५६ च्या सुमारास क्रिकेटचं वार्तांकन करताना त्यांनी बेसबॉल नीट पाहिला आणि त्या खेळाचे झाले. वर्तमानपत्रातला बेसबॉलचा तक्ता त्यांनी क्रिकेटच्या धावफलकावरून बेतला. एस हे अक्षर दुसरीकडे वापरलेलं होतं, म्हणून 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर, के, त्यांनी घेतलं. म्हणजे आज मैदानावर लोक जे के लिहिलेले फलक टांगतात, त्याची मुळं एका क्रिकेटच्या वार्ताहरापर्यंत जातात. आबांना परकं वाटायचं कारणच नाही.

चिंचगूळ

खाण्याचं सांगते, शाकाहारी असाल तर. गिलरॉय गावच्या लसणाचे फ्राईज घ्याच, वास स्टेशनपर्यंत येतो. हॉट डॉग बहुधा गोमांसाचे असतात, आबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर पंचाईत नको. शेंगा सगळीकडे फोडतात आणि टरफलं पायाखाली टाकतात, मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर गंभीरपणे विचार करा. घरचं खाणं आणि पिशवीचं माप यांचे नियम क्लबागणिक वेगळे असतात, जायच्या आदल्या दिवशी वेबसाईटवर वाचा. आम्ही डब्यात मेथीचे ठेपले नेले होते, शेजारच्या आजींनी दोन मागून घेतले.

तिखटमीठ

किती वेळ थांबायचं? माझं म्हणणं, पाच इनिंग पुरे. पोर खूश असतानाच उठायचं. पूर्ण बघायचाच या हट्टापायी रडारड करून बाहेर पडलेली कुटुंबं मी दर वेळी बघते.

कोकणकडा

इथे मी असहमत. मोठीला मी सहाव्या इनिंगला उठवलं, गर्दी टाळायला. ट्रेनमध्ये तिने फोनवर शेवट पाहिला, तिचा संघ नवव्या इनिंगमध्ये जिंकला होता. पुढचे दोन महिने ती "तू मला उठवलंस" म्हणत होती. आता आम्ही मुलींना विचारतो आणि त्या म्हणतील तसं. तसाही २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. त्याआधी सरासरी सामना तीन तासांहून लांबायचा, तो त्या वर्षी सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला. शिवाय सातव्या इनिंगच्या मध्यात सगळं मैदान उभं राहून गातं, हातपाय मोकळे करतं. तिथवर टिकलं तर मूल पुढेही टिकतं.

उंबरठा

मी मुलाला पहिल्यांदा नेलं तो दिवस होता १५ एप्रिल. तारीख मी सुट्टी बघून निवडली होती, तिचं महत्त्व माहीत नव्हतं. मुलगा तेव्हा सात वर्षांचा, आवडत्या खेळाडूचा नंबर पाठ करून आला होता. मैदानात बघतो तर दोन्ही संघांतल्या प्रत्येकाच्या पाठीवर ४२. "बाबा, सगळे एकच कसे?"

शेजारी एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ होते. त्यांनी मला विचारलं, "मी सांगू का त्याला?" आणि सांगितलं. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले, आधुनिक काळात मोठ्या लीगमध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्याआधी कित्येक दशकं त्यांच्या लोकांना या लीगची दारं बंद होती. १९९७ मध्ये त्यांचा ४२ नंबर सगळ्या संघांनी कायमचा निवृत्त केला, आणि २००९ पासून दर वर्षी या एका दिवशी सगळेच तो घालतात. माझा मुलगा ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "मग तोपर्यंत ते लोक कुठे खेळायचे?" त्या गृहस्थांनी पुढच्या दोन इनिंग त्याला कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या 'निग्रो लीग'बद्दल सांगितलं. खेळ काय झाला ते आम्हा तिघांनाही आठवत नाही.

जमलं तर पुढच्या वर्षी ती तारीख गाठा.

रानजाई

मंडळी, कालच जाऊन आलो. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. जसं झालं तसं लिहिते.

तिखटमीठ, तुझं ऐकून दोन आठवड्यांपूर्वी आधी सॅन होजेला जाऊन चार इनिंग बघितल्या. फार उपयोग झाला. आबांना फाऊल आणि स्ट्राईक तिथे नीट कळलं, त्यामुळे काल ते समजावणाऱ्याच्या भूमिकेत होते.

मैदानाबाहेर जायंट्सचे जुने महान खेळाडू विली मेज यांच्या पुतळ्याभोवती ताडासारखी झाडं आहेत, लेकाने मोजली, २४. त्यांचा नंबरही २४, उजवीकडची भिंतही २४ फूट, हे आबांनी आधीच वाचून ठेवलं होतं. आत शिरून जिन्याच्या वरच्या पायरीवर आलो आणि एकदम समोर हिरवंगार मैदान आणि मागे पाणी. लेक माझा हात धरून चालत होता, तो थबकला. काही बोलला नाही, फक्त हात घट्ट झाला. मीही थांबले. मागून लोक येत होते, तरी अर्धा मिनिट आम्ही तिघं तिथेच.

सराव बघायला लवकर गेलो होतो, पण सराव नव्हताच. शेजारच्यांनी सांगितलं की आदल्या रात्री सामना असला की दुसऱ्या दिवशी दुपारी बहुधा नसतो. कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

तिसऱ्या इनिंगपर्यंत लेक हलला नाही. पाचव्यात चुळबुळ सुरू झाली, मग डावीकडच्या मोठ्या बाटलीतल्या घसरगुंडीकडे नेलं, तिथे चार बोटांचा प्रचंड ग्लोव्हही बघितला. आबा जागेवरच थांबले, "मी नोंद ठेवतो." एकटं सोडायला मला धाकधूक होती, पण काजवाताई, तुमचा कागद त्यांच्या खिशात होता. परत आलो तर आबा आणि शेजारचे अमेरिकन काका एका कार्डावर झुकलेले. आबांचं इंग्रजी बेताचं आहे, काकांना मराठीचा गंध नाही. दोघं आकड्यांनी बोलत होते. "सिक्स, फोर, थ्री," आबा म्हणाले. "सिक्स, फोर, थ्री!" काका म्हणाले आणि टाळी दिली.

आता मुख्य. लेक अजून काही अक्षरं उलटी लिहितो. शाळेत त्यावर लाल गोल होतात, घरी मीही सारखी टोकते. सातव्या इनिंगमध्ये एक बॅटर बघत राहून बाद झाला. लेकाने पेन्सिल घेतली आणि के लिहिला, नेहमीसारखा उलटा. मी सवयीने खोडरबर शोधायला लागले. आबांनी माझा हात धरला. "अगं, बरोबर आहे तो. बघत राहिला ना, म्हणून उलटा." लेकाने विचारलं, "म्हणजे हा उलटाच लिहायचा असतो?" काकांनीही कार्ड बघून अंगठा दाखवला. मग त्याने समोर टांगलेल्या फलकांत उलटे के शोधायला सुरुवात केली. दोन सापडले.

घरचा संघ हरला. एक भोंगा ऐकायला मिळाला, लेक कानावर हात ठेवून हसत होता. नवव्यापर्यंत थांबलो, त्यानेच सांगितलं थांबायला. शेवटी सीगल पक्षी खाली उतरून खुर्च्यांमधले फ्राईज टिपायला लागले तेव्हा निघालो. गेस्ट सर्व्हिसेसकडून पहिल्या सामन्याचं प्रमाणपत्र मिळालं. तिकीट फोनमध्येच असल्यामुळे हातात ठेवायला हा एकच कागद. आबांनी दुसरं मागून घेतलं, स्वतःच्या नावाचं. ते साताऱ्याला फ्रेम करून लावणार आहेत.

स्कोअरकार्ड लेकाने शाळेच्या दप्तरात ठेवलंय, बाईंना दाखवायला.

काजवा

बाई काय म्हणाल्या ते नक्की कळव.

शून्यप्रहर

पाचव्या इनिंगच्या रकान्यात आबांचं अक्षर, सातव्यात नातवाचं. ते कार्ड परत मागून घ्या आणि जपून ठेवा, रानजाई.

रानजाई

हो, नक्की. आता एक व्यावहारिक प्रश्न. लेक डावखुरा आहे. त्याला खरा ग्लोव्ह हवाय. दुकानात गेले तर डाव्या हाताचा, उजव्या हाताचा यात गोंधळले. कुठला घ्यायचा?

कोकणकडा

ग्लोव्ह न फेकणाऱ्या हातात घालतात. डाव्या हाताने फेकत असेल तर ग्लोव्ह उजव्या हातात बसणारा हवा, दुकानात त्यावर 'लेफ्ट हँड थ्रो' असं लिहिलेलं असतं. लिहिण्याच्या हातावरून ठरवू नका, अंगणात चेंडू फेकायला सांगा आणि बघा. सहा वर्षांसाठी साधारण १० इंचाचा पुरतो. नवीन असताना फार कडक असतो, आठवडाभर आबांनी रोज त्यात चेंडू टाकून मऊ करून दिला तर बरं.